चिकन पाय, पॅटिस आणि साडेचारची वेळ

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या नोव्हेंबर २०२५ च्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



खालच्या बोर्डावर आजचा विषय ‘मुंबईतले चिकन पाय’ असा लागला, तेव्हापासून लिफ्टमध्ये तीन जणांनी मला विचारलं, “कोंबडीचे पाय खाता तुम्ही? सूप करता की रस्सा?” बी विंगमधल्या एका वहिनींनी तर काळजीने सांगितलं, की गुडघ्यांसाठी बोकडाचे पाय चांगले, कोंबडीच्या पायात काय असतं? तेव्हा आधी खुलासा करतो. हा ‘पाय’ इंग्रजांचा. मैद्याच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ. आपल्या मुंबईत त्याचं धाकटं भावंड जास्त चालतं, त्याला आपण पॅटिस म्हणतो. इथेही घोटाळा आहेच. रगडा पॅटिस वेगळं, उपासाचं पॅटिस वेगळं आणि बेकरीतलं पॅटिस वेगळं. मी बोलणार आहे ते बेकरीतल्या चिकन पॅटिसबद्दल.

आपल्यापैकी निम्म्या घरांत चिकन चालत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी चिकनच्या जागी बटाटा-वाटाणा किंवा पनीर समजावं. आवरण तेच, भट्टी तीच. आणि शेवटी जे मागणार आहे, ते सगळ्यांसाठीच आहे.

आता हा नाद कसा लागला ते सांगतो. २०१६ साली माझी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी खाण्याची यादी हातात ठेवली. बेकरीचे पदार्थ लाल शाईत. मी म्हटलं, “डॉक्टर, छत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत, लिमिट कळतं मला. शून्य सांगू नका, लिमिट सांगा.” ते हसले आणि म्हणाले, “पंधरा दिवसांतून एक. आणि तेही चालत जाऊन खायचं.” झालं, लिमिट सँक्शन झालं.

आता हिशेब बघा. पंधरवड्यात एक. त्यातून आमच्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य. शिवाय चतुर्थी, एकादशी, अख्खा श्रावण, पितृपक्ष, नवरात्र. म्हणजे वर्षाकाठी फार तर वीस पॅटिस वाट्याला येतात. माणसाला वर्षात वीसच पॅटिस खायची असतील, तर त्यातलं एकही वाईट निघून चालत नाही. म्हणून मी शोधायला लागलो आणि जुन्या सवयीने वही घातली. तारीख, ठिकाण, वेळ, शेरा. कोरोनाची दोन वर्षं पानं जवळजवळ कोरी आहेत. तरी आजवर १४३ नोंदी झाल्या.

पॅटिस चांगलं कशाने होतं, हे कळायला ते कसं करतात ते माहीत हवं. इथल्या बहुतेक बायकांनी दिवाळीत चिरोटे केलेले आहेत. पोळीवर तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावायचा, पोळ्या एकावर एक ठेवायच्या, गुंडाळायच्या, लाटायच्या. तळताना पापुद्रे सुटतात. पॅटिसची खारी याच तत्त्वावर होते. मैद्याच्या कणकेत बटर किंवा बेकरीचं कडक मार्जरीन पसरून तीन पदरी घडी घालायची, लाटायची, थंड जागी विसावू द्यायची, पुन्हा घडी. पहिल्या घडीला ३ थर, दुसरीला ९, तिसरीला २७, चौथीला ८१, पाचवीला २४३ आणि सहावीला ७२९. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच कळतं. हे चक्रवाढ व्याज आहे. दोन घड्या चुकवल्या तर ७२९ चे ८१ होतात.

भट्टीत गेल्यावर कणकेतल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ प्रत्येक थर वर उचलते आणि मधलं स्निग्ध थर चिकटू देत नाही. म्हणून पॅटिस फुगतं. त्यात यीस्ट नाही, सोडा नाही, नुसती वाफ. पण त्याला सुरुवातीलाच खरपूस, जोरदार आच लागते. आच कमी असेल तर स्निग्ध आधी वितळून ट्रेवर वाहतं आणि खाली तेलकट पत्रा उरतो.

इंग्रजांच्या मूळ पायचं आवरण पुष्कळदा वेगळं असतं. ते नानकटाईसारखं खुसखुशीत, वाटीच्या आकाराचं, वर झाकण. आत चिकन आणि पांढरा सॉस. पुष्कळ पायमध्ये आवरण हे भांडं असतं, आत काय आहे त्यावर सगळं. आपल्या पॅटिसमध्ये मात्र खारी हीच नायिका आहे, सारण तिच्या सोबतीला.

बटरचा एक प्रश्न आहे. शुद्ध बटर तीस-पस्तीस अंशांना वितळू लागतं, आणि आपल्या मुंबईत मे महिन्यात बेकरीच्या आत तेवढं तापमान सकाळीच असतं. म्हणून बहुतेक ठिकाणी जास्त तापमानाला टिकणारं मार्जरीन वापरतात. ते ओळखायचं कसं? खाऊन झाल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला तर मार्जरीन. हृदयरोग्यांसाठी एक दिलासा सांगतो. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे पूर्वी ५ टक्क्यांची मर्यादा होती, ती जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. पण बाकीची चरबी तशीच आहे, तेव्हा कोणी याचा अर्थ रोज खायला हरकत नाही असा घेऊ नये. माझ्या डॉक्टरांचं नाव खराब होईल.

आता शहराची फेरी.

माझी पहिली नेमणूक फोर्टात होती. संध्याकाळी क्लिअरिंगचा ताळा जुळला की आम्ही दोघे-तिघे चालत धोबी तलावला जायचो. तिथे मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, १९०४ सालचं. थोडं पुढे ससानियन, १९१३ सालचं. बस्तानी केव्हाच बंद झालं. इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झोरोआस्ट्रियन मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत ही दुकानं टाकली. वाकड्या पायांच्या लाकडी खुर्च्या, संगमरवरी टेबलं, काचेच्या कपाटात मांडलेली खारी, मावा केक आणि पॅटिस. कयानीत आजही मी जातो तेव्हा चहा आधी मागत नाही. आधी विचारतो, “पॅटिस गरम आहे का?” उत्तर ‘हो’ आलं तरच बसतो.

ग्रँट रोड स्टेशनसमोर मेरवान, १९१४ सालचं. तिथला मावा केक तुम्हाला माहीतच आहे. सकाळी उशीर केला तर संपलेला असतो. २०१४ साली मेरवान बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. पुढे दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडलं, हे आपलं नशीब. पण त्या रांगा मला विसरता येत नाहीत. रांगेतले किती जण त्याच्या आदल्या वर्षी तिथे एकदा तरी गेले असतील?

भायखळ्याला अमेरिकन एक्सप्रेस बेकरी आहे, १९०८ सालची, गोव्याच्या कुटुंबाने सुरू केलेली. बँकेत असताना हे नाव ऐकलं की आम्हाला ट्रॅव्हलर्स चेक आठवायचे. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीज. तो गोव्यातून आला आणि गोव्याचे बेकरही त्याच्या मागोमाग मुंबईला आले. त्यांच्या हातचं सारण इराण्यांपेक्षा वेगळं लागतं, जरा मिरीकडे झुकणारं.

केम्प्स कॉर्नरकडे गेलात तर रतन टाटा इन्स्टिट्यूट. पारशी स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून १९२८ साली सुरू झालेली संस्था. तिथल्या काउंटरवर शिवणकाम-भरतकामाची परंपरा आणि खाण्याचे पदार्थ एकाच छपराखाली वाढले. वांद्र्याला हिल रोडवर होली फॅमिली हॉस्पिटलजवळ हर्श बेकरी. तिथे कॉलेजची मुलं फुटपाथवर उभ्याने खातात आणि त्यांच्यात मी एकटा पांढऱ्या केसांचा. मुलं सरकून जागा देतात. आणि एवढं लांब कशाला, आपल्या बोरिवलीत आय. सी. कॉलनीत चर्चच्या आसपास फिरा. नाताळच्या आधीच्या आठवड्यात तिथल्या छोट्या दुकानांतून भाजलेल्या मैद्याचा जो वास येतो, त्याला तोड नाही.

तुम्ही विचाराल, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? नऊ वर्षं वही लिहिल्यावर मला वाटलं होतं एक नाव पुढे येईल. तसं झालं नाही. मी एका पावसाळ्यात वही घेऊन बसलो आणि शेरे दुकानांप्रमाणे मांडण्याऐवजी वेळेप्रमाणे मांडले. आणि ताळा जुळला. ज्या नोंदींपुढे ‘उत्तम’ लिहिलं होतं, त्यांतल्या बहुतेक भट्टीतून ट्रे निघाल्यानंतर अर्ध्या तासातल्या होत्या. त्याच दुकानात रात्री आठ वाजता खाल्लेल्या पॅटिसपुढे माझ्याच अक्षरात ‘सामान्य’ असा शेरा होता. नावाजलेल्या दुकानातलं सहा तासांचं पॅटिस आणि कोपऱ्यावरच्या साध्या बेकरीतलं आत्ता निघालेलं पॅटिस, यात दुसरं जिंकतं. दर वेळी.

कारण सोपं आहे. गरम असताना थरांमध्ये हवा असते. थंड होताना सारणातला ओलावा हळूहळू खारीत उतरतो. काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवलं तर वरून गरम राहतं आणि आतून मऊ पडत जातं. म्हणून दुकानाचं नाव पाठ करण्यापेक्षा भट्टीची वेळ पाठ करा.

ही वेळ ठरलेली का असते, तेही सांगतो. जुनी भट्टी म्हणजे विटांची मोठी खोली. आत लाकूड पेटवून विटा तापवायच्या, मग त्या उष्णतेवर दिवसभर काम काढायचं. आच जोरात असते तेव्हा पाव. त्यानंतर खारी आणि पॅटिस. आच उतरत गेली की केक, बिस्किटं, नानकटाई आणि शेवटी मंद धगीवर टोस्ट. भट्टीला घड्याळ नसतं, पण तिचा क्रम चुकत नाही. कारागिराला विचारलंत, “पॅटिस कधी निघणार?” तर तो मिनिटासह सांगतो. विचारायला मात्र तिथे जावं लागतं. फोनवरच्या ॲपवर ही माहिती नसते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत.

पहिली, पॅटिस हातात घ्या. आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड असेल तर थर फुटलेले नाहीत. दुसरी, उलटं करून बघा. बूड तपकिरी हवं. पांढरट आणि ओलसर असेल तर परत ठेवा, लाजू नका. तिसरी, पहिला घास कोपऱ्याचा घ्या. चांगल्या बेकरीत सारण कोपऱ्यापर्यंत जातं, कंजूष बेकरीत ते मध्यावर गोळा होऊन बसतं. चौथी, सॉस मागण्याआधी एक घास तसाच खा. ज्या पॅटिसला सॉस लागतोच, ते पॅटिस पुन्हा घेऊ नका. पाचवी, घरी न्यायचं तर कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून. प्लॅस्टिकमध्ये वाफ अडकते आणि स्टेशन येईपर्यंत सगळं संपतं. सहावी, पुन्हा गरम करायचं तर मायक्रोवेव्ह नको, त्याने चामडं होतं. ओव्हन किंवा मंद आचेवरचा तवा. आणि सातवी, चिकनचं पॅटिस दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. आपली वयं बघता हे कलम सगळ्यात महत्त्वाचं.

आता ज्यासाठी मी अध्यक्षांकडून दहा मिनिटं जास्त मागून घेतली, त्या विषयाकडे येतो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला, की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं. त्यावर पुष्कळ जण हळहळले, की आता ती चव गेली. मी त्या बाजूचा नाही. आपल्या सोसायटीत चार मुलं इनहेलर घेतात. त्यांच्या खिडकीत धूर जाणार असेल तर माझ्या खारीच्या रंगाला काय किंमत? आणि पॅटिसची चव धुरात नसते. ती आचेत, घड्यांत आणि कारागिराच्या हातात असते. उलट गॅसच्या भट्टीत दिवसातून तीन-चार वेळा ताजा ट्रे काढता येईल.

पण भट्टी बदलायला पैसे लागतात. आपल्या गेटपासून डावीकडे चाललं की पाचव्या मिनिटाला जी बेकरी लागते, ती तुम्हाला माहीत आहे. ही इमारत उभी राहिली तेव्हा पहिल्या रात्री राहायला आलेल्या कुटुंबांनी पाव तिथूनच आणला होता. मालकाशी माझं बोलणं आहे. मी त्यांना हिशेब मांडून दिला. नवी भट्टी, गॅसची जोडणी, काम बंद राहील ते दिवस, कारागिरांचे पगार. जागा पागडीची, म्हणजे गहाण ठेवायला काही नाही. मुद्रा योजनेत विनातारण कर्ज मिळतं, पण ज्याने आधी दहा लाखांपर्यंतचं कर्ज घेऊन फेडलं आहे, त्यालाच वीस लाखांपर्यंत जाता येतं. अर्ज भरायला मी मदत केली, कागद लावून दिले. माझ्या अंदाजाने कर्ज होईल.

पण मालक म्हणाले, “अंकल, लोन तो मिल जाएगा. चुकाऊँगा किससे? आपकी बिल्डिंग से अब आता कौन है?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेत आम्ही प्रस्ताव तपासताना आधी तारण बघायचो नाही, आधी विक्री बघायचो. तारण हे बुडालेल्या कर्जासाठी असतं. चालणाऱ्या कर्जासाठी गिऱ्हाईक लागतं. आपल्या सोसायटीत ११२ फ्लॅट आहेत. पाव, टोस्ट, नातवाच्या वाढदिवसाचा केक, सगळं आता फोनवरून येतं, दुसऱ्या उपनगरातून. मी कोणाला दोष देत नाही. सुना-मुलं रात्री नऊला घरी येतात, त्यांनी भट्टीची वेळ कधी पाळायची? पण आपण पाळू शकतो. आपल्याकडे दुसरं काही नसलं तरी दुपारी साडेचारची वेळ आहे, आणि त्यांचा पॅटिसचा ट्रे बरोबर साडेचारला निघतो.

तेव्हा माझे दोन प्रस्ताव आहेत.

पहिला कार्यकारिणीसाठी. येत्या २६ जानेवारीला रौप्यमहोत्सव आहे. नाश्त्याचे तीनशे खोके बाहेरच्या केटररकडून मागवायचं चाललं आहे, असं कळतं. त्याऐवजी पॅटिस या बेकरीतून घ्यावीत. शाकाहारी आणि चिकन वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या टेबलांवर, वेगळ्या चिमट्यांनी. कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत याची जबाबदारी मी घेतो, आणि चिकनच्या टेबलापाशी स्वतः उभा राहतो. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. तीनशे पॅटिसनी कर्ज फिटत नाही, हे मला कळतं. पण कर्ज घ्यावं की शटर ओढावं, हे ठरवणाऱ्या माणसाला एक मोठी ऑर्डर पुष्कळ काही सांगते.

दुसरा तुमच्यासाठी. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी सव्वाचारला, गेटपाशी जमायचं. चालत बेकरीत जायचं, गरम पॅटिस घ्यायचं, बाहेरच्या बाकावर बसून खायचं आणि चालत परत यायचं. ज्यांना एक जड होईल त्यांनी दोघांत एक घ्यावं. ज्यांचा उपास आहे त्यांनी चहा घ्यावा. आपल्यातल्या काही जणांचे जोडीदार गेल्या दोन-तीन वर्षांत गेले. ते खाली उतरतात ते फक्त औषधं आणायला. त्यांच्या दारावरची बेल वाजवायचं काम मी आणि सी विंगचे आमचे जुने स्नेही वाटून घेणार आहोत. नाही म्हटलं तरी दोनदा वाजवू, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तीन-चार महिन्यांनी सगळे तयार झाले की लोकल पकडून धोबी तलावला जाऊ. दुपारच्या गाडीला बसायला जागा मिळते आणि आपल्याला घाई कसली?

वही मी कट्ट्याच्या कपाटात ठेवतो आहे. १४४ वी नोंद कोणी दुसऱ्याने करावी, अशी इच्छा आहे. तारीख, ठिकाण, वेळ आणि शेरा. वेळ लिहायला विसरू नका.